डाव्या पंखाचं पीस

"हे उजव्या पंखाचं आहे," हेस्टर डगडेल म्हणाली आणि तिनं ते पांढरंशुभ्र पीस चहाच्या किटलीशेजारी ठेवून दिलं.

उत्सव समितीचे चिटणीस मिस्टर पिनफोल्ड बिस्किट चहात बुडवत होते. त्यांचा हात तसाच राहिला आणि अर्धं बिस्किट कपात गळून पडलं.

"मिसेस डगडेल, पीस ते पीस. त्यात कसलं आलंय डावं-उजवं?"

"उजव्या हातानं लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचं लागतं. ते बाहेर झुकतं. हे आत झुकणार. वर्षभर बिचाऱ्याच्या डोळ्यात जाईल."

"त्याचे डोळे दगडाचे आहेत हो."

"तुमचे नाहीत ना? मग जरा नीट बघा."

हा बिचारा म्हणजे गावचा कवी. हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा, लंडनला गेला, नाटकं लिहून जगभर नाव काढलं आणि शेवटी मरायला गावीच परत आला. नदीकाठच्या चर्चमध्ये त्याची कबर आहे. तिच्यावरच्या भिंतीत, उंचावर, त्याचा अर्धपुतळा आहे आणि त्या दगडी हातात हंसबदकाच्या खऱ्याखुऱ्या पिसाची लेखणी असते. दर एप्रिलमध्ये त्याच्या वाढदिवसाला सगळं गाव फुलं घेऊन चर्चपर्यंत चालत जातं. जुनी लेखणी निघते, नवी बसते, आणि जुनी ज्यानं दिली त्याच्या घरी परत जाते. एकतीस वर्षं ती लेखणी हेस्टरच्या नवऱ्यानं, वॉल्टरनं, दिली होती. वॉल्टर नोव्हेंबरात गेला. समितीनं तिला एका शब्दानं न विचारता शहरातून टपालानं पीस मागवलं.

"तुम्हाला त्रास नको, एवढाच विचार केला आम्ही," पिनफोल्ड म्हणाले.

"त्रासाचं माझं मी बघेन. शनिवारी सकाळी लेखणी चर्चमध्ये पोचेल."

"कापणार कोण?"

"मी."

पिनफोल्डनी तिच्या वाकड्या झालेल्या बोटांकडे पाहिलं आणि नजर वळवली. "आणि नाहीच जमलं तर?"

"तर तुमचं बसवा. मी चर्चच्या दारात उभी राहीन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते उजवं असल्याचं सांगेन."

ती बोटं कवीच्याच चाकरीत वाकडी झाली होती. चाळीस वर्षं हेस्टर नाटकगृहाच्या धुलाईखान्यात होती. कवीच्या झाडून सगळ्या राजांच्या चुणीदार कॉलरना खळ घालायची, कढत इस्त्रीनं एकेक चुणी उभी करायची. एकही नाटक तिनं सलग पाहिलं नव्हतं, पण कुठल्या राजाला जास्त घाम येतो ते तिला तोंडपाठ होतं. कवीवर तिचा एक राग मात्र कायमचा होता. जन्मभर प्रेमावर लिहिलं आणि मृत्युपत्रात बायकोला काय ठेवलं, तर घरातला दोन नंबरचा पलंग.

"अगं, एक नंबरचा पाहुण्यांसाठी असायचा," वॉल्टर हसून म्हणायचा. "नवराबायकोचा दोन नंबरचाच."

वॉल्टरनं मृत्युपत्र वगैरे काही केलं नाही. मागे राहिली सहा हंसबदकं, उन्हाळ्यात गळलेल्या पिसांची पेटी, आणि एक छोटा चाकू. तो चाकू त्यानं तिला कधी हात लावू दिला नव्हता.

बुधवारी तिनं परसातल्या वॉल्टरच्या शेडचं दार उघडलं. पिसं निवडायला तिला वेळ लागला नाही. पण नळी टणक व्हायला पीस तापल्या वाळूत खुपसावं लागतं, आणि तिथंच घोडं अडलं. पहिलं तडकलं, दुसरं जळलं. गुरुवारी आणखी दोन गेली आणि अंगठा कापला. तिला वॉल्टरचा मनस्वी राग आला. एकतीस वर्षांत एकदा तरी शेजारी बसवून दाखवायला काय झालं होतं? रागारागानंच तिनं बोट ओलं करून वाळूवर टेकवलं, इस्त्रीवर टेकवायची तसं. चर्र झालं. एवढ्या तापल्या इस्त्रीखाली तिनं नाजूक लेस कधी घातली नसती. तिनं वाळू निवू दिली, पुन्हा बोट टेकवलं, आणि लेसपुरती ऊब राहिल्यावरच पाचवं पीस आत घातलं. शुक्रवारी दुपारी चहाच्या वेळेला लेखणी तयार होती. टोक जरासं जाड झालं होतं, पण ती डाव्या पंखाची होती.

शनिवारी गावातल्या शाळेचे हेडमास्तर शिडी चढले. दगडी बोटांत नवी लेखणी बसली आणि कवीचा चेहरा मोकळा सोडून बाहेर झुकली. खाली गर्दीत हेस्टरनं श्वास सोडला.

जुनी लेखणी घेऊन पिनफोल्ड तिच्याकडे आले. त्यांनी ती रुमालात गुंडाळली होती आणि त्यांचा चेहरा पडला होता.

"धूळ फार आहे हो. घरी जाऊन उघडा."

हेस्टरनं तिथंच रुमाल सोडला. पीस उजव्या पंखाचं होतं.

गेल्या वसंतात वॉल्टर चहा कपाबाहेर ओतायचा आणि दोष किटलीला द्यायचा. त्याच दिवसांत तो शेडचं दार लावून तासन्‌तास आत बसला होता. जेवायला दोनदा हाका मारल्या तर अंगावर खेकसला. आपल्याला दिसत नाही, हे त्यानं तिलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"कुणाच्या लक्षात आलं नाही," पिनफोल्ड हळूच म्हणाले. "तुम्ही सांगितलं नसतंत तर मलाही कळलं नसतं. आपण डावंच होतं म्हणू या."

"उजवंच आहे," हेस्टर म्हणाली. तिनं टोकावरून बोट फिरवलं. "पण कापलंय बघा किती सुरेख. दिसत नसताना कापलंय हे. मला डोळे असून असं जमलं नाही."

पिनफोल्डनी टोक निरखून पाहिलं आणि मान हलवली. रुमाल परत घ्यायचं ते विसरले.

पीस उघडंच हातात धरून ती गर्दीतून घरी आली. स्वयंपाकघराच्या खिडकीत मातीच्या बरणीत आधीची तीस पिसं होती, सगळी एका अंगाला झुकलेली. हे तिनं त्यांच्यात घातलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, ते काही त्यांच्यात बसेना. शेवटी ते वॉल्टरच्या खुर्चीकडे झुकून राहिलं. तिनं ते तसंच राहू दिलं, चाकू धुऊन पुसला आणि स्वतःच्या एप्रनच्या खिशात ठेवला.