मनातलं बोलायचा बाक

मी एक बाक आहे. शाळेच्या आवारातला, पिवळा, चार पोरं दाटीवाटीनं बसतील एवढा. माझ्या पाठीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'मनातलं इथे बोला.' बोलणार मुलं, ऐकणारही मुलंच; मी नुसतं बसू द्यायचं. आज मात्र मीच बोलतो. जे घडलं ते माझ्याच अंगावर घडलं, आणि ज्यांनी मला इथे आणून ठेवलं त्यांनी नंतर कधी विचारपूस केली नाही.

कसरीन शहराकडच्या डोंगरातल्या पाईनच्या लाकडापासून नूरी सुतारानं मला बनवलं. जीव ओतून बनवलं. कड न् कड घासली. "लहान लेकरं बसणार, एक कुसळ लागता कामा नये," असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. कुसळ लागलं नाही कुणाला. लागायचं ते दुसरंच काही लागलं.

मला शाळेत आणलं त्या दिवशी राजधानी ट्यूनिसहून, मला देणाऱ्या संस्थेची माणसं आली होती. पुदिन्याचा चहा झाला, खजूर भरलेल्या वड्या वाटल्या गेल्या. एक बाई माइकवर म्हणाली, "ज्याला एकटं वाटेल त्यानं या बाकावर बसायचं. बाकीच्यांनी येऊन विचारायचं, काय झालं?" शाळेच्या गुलाबी-निळ्या एप्रनमधल्या मुलांनी टाळ्या पिटल्या. मग शिक्षकांना एका वर्गात नेऊन डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. ताण जातो म्हणे. बाहेर आल्यावर शिक्षिका शादलियाबाई मैत्रिणीला म्हणाल्या, "वर्गात पन्नास पोरं कोंबलीत. श्वास घ्यायला हवा तरी उरते का गं?" दोघी हसल्या. शादलियाबाईंचं हसू जरा लवकर विझलं.

पहिले काही दिवस माझी चैन होती. मुलं खोटंखोटं तोंड पाडून बसायची, दुसरी धावत येऊन विचारायची, सगळी खिदळायची. मग मोठ्या वर्गातल्या टारगटांनी माझं नाव ठेवलं, 'रडव्यांचा बाक.' कुणी नुसतं जवळून गेलं तरी, "ये, ये, तुझीच जागा आहे!" झालं. त्यानंतर माझ्यावर ऊन तेवढं बसायचं.

आणि सिवार.

सिवार आठ वर्षांची. बारीक, गव्हाळ, केसांची एक वेणी. तिला चिडवलेलं जणू ऐकूच जात नसे, आणि ती कुणाशी बोलतही नसे. मधल्या सुट्टीत यायची, माझ्या टोकाला बसायची, घंटा झाली की उठायची. विचारायला कुणी आलं नाही. एक दिवस शादलियाबाई आल्या. विचारलं काहीच नाही. शेजारी बसून पिशवीतून भट्टीची भाकरी काढली, तेल आणि हरिसाची लाल मिरचीची चटणी लावलेला अर्धा तुकडा तिच्या हातात दिला आणि स्वतः खाऊ लागल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. बाईंना सुट्टीत वह्या तपासायच्या असत, दोन वर्ग सांभाळून डोकं दुखत असे, तरी त्या येत. कधी कधी मला वाटे, पोरीपेक्षा बाईंनाच कुणाच्या तरी शेजारी बसायला हवं आहे.

"तिखट आहे," सिवार एकदा म्हणाली.

बाईंनी हसू दाबलं. "उद्या कमी लावते."

तिथून ती बोलू लागली. मांजरीबद्दल, वेणीबद्दल. मग एकदा मान खाली घालून म्हणाली, "बाई, खोटं बोललं तर पाप लागतं?"

"कोण खोटं बोललं?"

"मी. रोज."

"इथे खरं बोल. या बाकावर खरं बोललं तर कुणी रागावत नाही."

तेव्हा तिनं सांगितलं. तिचा मोठा भाऊ वजदी होडीतून इटलीला निघाला होता. होडी बुडाली, वजदीही बुडाला. वाचलेल्या एकाचा फोन आला तेव्हा सिवार बापाच्या दुकानात होती, तिनं सगळं ऐकलं. आईचं काळीज आधीच नाजूक, म्हणून बापानं घरी सांगितलं की पोरगा इटलीत, सिसिलीला पोचला, कामाला लागला, दुकानावर फोन करतो. आईचा मात्र बापावर विश्वास बसेना, ती सिवारला विचारी, "तूही ऐकलास का गं त्याचा आवाज?" मग सिवार म्हणे, "हो आई. तुला सलाम सांगितलाय."

बाईंनी तिचा हात धरला. सोडला नाही.

शाळा सुटल्यावर त्यांनी तिच्या बापाला, अम्मारला, माझ्यावर बसवलं. "अम्मारभाऊ, हे ओझं तुमचं आहे. पोरीच्या डोक्यावरून उतरवा."

अम्मार टोपी हातात कुस्करत राहिला. "ईदपर्यंत थांबा, बाई. बायकोच्या बहिणी येतील, घर भरलेलं असेल. तिला धरायला माणसं असतील. मी स्वतः सांगतो. तोवर कुणाला बोलू नका, तुमच्या पाया पडतो."

बाईंनी शब्द दिला.

मग त्या मुख्याध्यापकांकडे, लमजद सरांकडे गेल्या. सर माझ्यासमोरच उभे होते, संडासांकडे बघत. आमच्या संडासांना पाणी नव्हतं. मुली दिवसभर अडवून धरत. बाई म्हणाल्या, "सर, एका मुलीला जाणकार माणसाची गरज आहे. मुलांच्या मनाचं कळणारा डॉक्टर. कारण सांगता येणार नाही, पण गरज खरी आहे."

"अहो, सगळ्या जिल्ह्याला एक बाई आहे. वर्षातून एकदा तोंड दाखवते." सरांनी माझ्यावर थाप मारली. "आणि बाक आहे ना आपल्याकडे!"

"सर, बाक लाकडाचा आहे."

सर चिडले नाहीत. थकल्या आवाजात म्हणाले, "शादलियाबाई, संस्थेची माणसं पुढच्या आठवड्यात चित्रफीत काढायला येतायत. बाक चालतोय असं दिसलं तर पुढच्या मदतीत नळ बसतील. मला नळ हवेत. तुम्हाला नकोत?"

बाईंनी संडासांच्या दारांकडे पाहिलं आणि पिशवी खांद्याला लावली.

ती माणसं आली तेव्हा बाई वर्गात भागाकार शिकवत होत्या. सरांनी एका हसऱ्या मुलाला उदास होऊन बसायला शिकवून ठेवलं होतं. त्याला कॅमेरा बघून हसूच आवरेना. तेवढ्यात सिवारच्या वर्गाची सुट्टी झाली आणि ती सवयीनं येऊन माझ्या टोकाला बसली. बाईंची वाट बघत.

कॅमेऱ्याबरोबरची मुलगी वाईट नव्हती, हे सांगायला हवं. ती सिवारजवळ गुडघ्यांवर बसली. खरंच मायेनं म्हणाली, "काय झालं, राणी?"

सिवारनं माझ्या फळीवर हात फिरवला. इथे खरं बोलायचं असतं, हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. आणि ती बोलली. भावाचं नाव घेतलं, समुद्राचं घेतलं, आईला रोज काय सांगते तेही सांगितलं. ती मुलगी रडू लागली. लमजद सर एक पाऊल पुढे आले, हातही वर केला. मग त्यांची नजर संडासांकडे गेली. हात खाली आला.

चित्रफितीत तिचा चेहरा धूसर केला होता म्हणे. आवाज मात्र तिचाच होता, आणि वजदीचं नाव जसंच्या तसं. ट्यूनिसमधल्या लोकांना ती फार आवडली. आमच्या गावात ती रमजान लागायच्या आत पोचली. शेजारणीनं स्वतःचा फोन सिवारच्या आईपुढे धरला.

आई शाळेत आली ती घरातल्याच कपड्यांत, पायात दोन वेगळ्या सपाता. ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. ती माझ्यावर बसली, सिवारला समोर उभं केलं आणि अगदी हळू विचारलं, "तू रोज मला त्याचा सलाम द्यायचीस. कुठून आणायचीस गं?"

सिवार वर्गांच्या दारांकडे बघू लागली.

शादलियाबाई वर्गातून धावत आल्या. आईनं वर पाहिलं. "तुम्हालाही ठाऊक होतं?"

"हो."

"सगळ्यांना ठाऊक होतं." ती मान हलवत राहिली. "मी एकटीच त्याच्यासाठी स्वेटर विणत बसले होते. तिकडे थंडी असते म्हणून."

ती उठायला गेली आणि तिथेच कोसळली. दवाखान्यात नेलं. जगली. पण नवऱ्याशी बोलली नाही, आणि लेकीकडून पुन्हा कुठला निरोप विचारला नाही.

चौकशी झाली. तपासनीस साहेबांनी विचारलं, मुलीची एवढी मोठी गोष्ट बाईंनी वर का कळवली नाही? शब्द दिला होता, हे उत्तर कुठल्या रकान्यात बसेना. जाणकार माणूस मागितला होता, हे लमजद सरांना आठवेना. बाईंची बदली डोंगरापलीकडच्या दोन खोल्यांच्या शाळेत झाली. जायच्या दिवशी त्या भर सुट्टीत माझ्यावर बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून. आवार माणसांनी भरलेलं होतं. शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीत चार चेहरे दिसत होते, श्वास घ्यायला शिकलेले. विचारायला कुणी आलं नाही. सिवार भिंतीशी उभी होती. बाईंनी तिला हाक मारली. ती पाठ फिरवून निघून गेली.

नळ आले. खोटं कशाला बोलू? पाणी धो धो येतं, मुली आता अडवून धरत नाहीत. लमजद सर एका संध्याकाळी शाळा रिकामी झाल्यावर माझ्यावर बसले आणि बराच वेळ तो पाण्याचा आवाज ऐकत राहिले. मग रुमालात तोंड खुपसलं. त्यांच्याही शेजारी बसायला कुणी नव्हतं.

आता मला कचेरीच्या दाराशी हलवलंय. अक्षरांवर तपकिरी रंग फासलाय. शिक्षा होणारी मुलं माझ्यावर बसून वाट बघतात. संस्थेनं म्हणे इतर शाळांतही माझ्यासारखे बाक दिलेत. माझं एकच मागणं आहे: बाक देण्याआधी एक माणूस द्या, ऐकलेलं पोटात ठेवणारा. आणि त्या माणसाचं ऐकायला दुसरा एक द्या. तेवढं जमत नसेल तर लेकरांना मन उघडायला शिकवू नका. मग माझी फळी न् फळी सुटी करून चुलीत घाला. निदान कुणाची भाकरी तरी भाजेल.

काल सिवारला आणलं होतं. वर्गात एकाला चावली होती. नव्या बाई चांगल्या आहेत, तरुण आहेत. खाली वाकून त्यांनी विचारलं, "काय झालं गं, बाळ?"

"काही नाही, बाई," सिवार म्हणाली. छान, स्वच्छ आवाजात, हसून.

"बस मग इथे, सर येईपर्यंत."

"नको," ती म्हणाली. "मी उभीच राहते."