नोहाची नातवंडं

एस्तेर सिस्टरच्या डोळ्याचं ऑपरेशन संभाजीनगरला झालं आणि डॉक्टरांनी त्यांना पालथं निजायला सांगितलं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो मागच्या पडद्याला टेकून राहावा म्हणून तोंड सदा खाली. जेवताना खाली, बोलताना खाली. दवाखान्यातल्या नोकरीत पेशंटना ‘हलू नका’ म्हणण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या सिस्टर आता अंबडच्या आपल्या घरात चांगल्या डोळ्याने फरशी बघत पडल्या होत्या.

सून शाळेवर शिकवायला गेली की शेजारच्या सुहासिनीताई येऊन बसत. त्या निवृत्त तलाठी. पहिले दोन दिवस गप्पांत गेले. तिसऱ्या दिवशी सिस्टर फरशीकडे बघतच म्हणाल्या, “ताई, एक काम सांगू का? सालभरात अख्खं बायबल वाचायचं, असं दर नव्या वर्षी ठरवते. औंदा सुरू केलं आन् खंड पडून राह्यला. तुम्ही वाचता का? तुम्हाला चालत असंल तर.”

“न चालायला काय झालं? नोकरीभर लोकांचे सातबारे वाचले, हे तर गोष्टींचं पुस्तक.”

नोहाचा पूर, तारू, ते कबुतर, सगळं सुहासिनीताईंनी चवीने वाचलं. मग नुसती नावं सुरू झाली.

“हे पान सोडा,” सिस्टर म्हणाल्या. “आम्ही पण सोडतो. ह्याचा मुलगा हा, त्याचा मुलगा तो. कटकट हाय.”

“सोडायचं कसं? वारसाची नोंद आहे ही. एक नाव गाळलं तर पुढच्या पिढ्या कोर्टात जातात.” चष्मा नीट करून त्या वाचू लागल्या. नोहाला तीन मुलं, शेम, हाम आणि याफेथ. याफेथाची पोरं गोमर, मागोग, मादय, यावान...

तिथेच त्या थांबल्या.

“काय झालं?”

“यावान. सिस्टर, हा आपला यवन तर नाही? शाळेत शिकलो होतो, लेण्यांमधल्या शिलालेखांत यवनांनी दान दिलंय म्हणून.”

“मला काय म्हाईत? आमच्या पाद्रीसाहेबांनी कधी सांगितलं न्हाई.”

सुहासिनीताईंना राहवेना. त्यांनी तिथूनच गंधालीला फोन लावला. मुलगी पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. फोन त्यांनी सिस्टरच्या उशीजवळ मोठ्या आवाजात ठेवला.

“अगं आई, बरोब्बर,” गंधाली म्हणाली. “समुद्रकाठच्या एका भागातले ग्रीक स्वतःला आयोनियन म्हणवायचे. त्यावरून तिकडे यावान झालं आणि आपल्याकडे यवन. पुढे वाच, हामचा मुलगा मिस्राईम. म्हणजे मिसर, इजिप्त. ही सगळी एकेकटी माणसं नाहीत. आजूबाजूला जे जे लोक माहीत होते, त्यांना एकेका बापाच्या नावावर बसवलंय. गावाचंच माणूस केलेलं.”

“आणि आपण कुठं आहोत ह्यात?”

“आपण नाही बहुतेक. त्यांची ओळख तिथपर्यंत नव्हती.”

फोन बंद झाला. सिस्टर म्हणाल्या, “आमचं घराणंच न्हाई ह्यात बसणार. आमच्या घरात पंजीच्या मागं काहीच न्हाई. छप्पनच्या दुष्काळात, सव्वाशे वर्षं झाली त्याला, कुणीतरी तिला मिशनच्या दारात बसवून गेल्तं. पाच-सहा वर्षांची पोर. मडमेनं रूथ नाव ठेवलं. गाव कोणतं, आईबाप कोण, काही पत्ता न्हाई.”

“कुणी विचारलंच नाही?”

“आमच्या आत्याला म्हाईत असंल. सोनूबाई आत्या. जालन्याला राहते, नव्वदीला आली. तिनं पंजीला पाह्यलंय.”

तलाठ्याच्या जातीला एवढं पुरे. शनिवारी सून घरी होती. सुहासिनीताई एसटीत बसल्या आणि जालन्याला उतरल्या.

सोनूबाई आत्या ओसरीत उन्हाला बसून लसूण सोलत होत्या. कान तिखट, आवाज खणखणीत. “एस्तेरचा डोळा कसा हाय? पालथी निजली? लहानपणी एका जागी बसत नव्हती!” त्या पोटभर हसल्या. मग सुहासिनीताईंनी विषय काढला.

“आजीला आम्ही लई विचारायचो,” आत्या म्हणाल्या. “लग्न ठरायचं म्हणलं की माणसं विचारायची ना, कुठले तुम्ही, मूळ कुठलं. आजी काय सांगायची म्हाईत हाय? माझ्यापासून धरा म्हणायची.”

“म्हणजे?”

“म्हणजे हेच. मागचं विचारू नका, माझ्यापासून धरा. एक डाव माझा बाप चिडला. म्हणला, आई, काहीतरी आठवत असंल तुला. तर म्हणली, आठवतं. पण ज्यांनी मला सोडलं ते जगले का मेले मला ठाव न्हाई. जगले असतील तर त्यांना लाज वाटंल, मेले असतील तर मला रडू येईल. कशाला?” आत्यांनी लसणाची पाकळी सुपात टाकली. “तिला आठवत होतं बिलकुल. सांगितलं न्हाई, एवढंच.”

सुहासिनीताईंजवळ विचारायचे आणखी पुष्कळ प्रश्न होते. ते बाजूला ठेवून त्यांनीही एक गड्डा उचलला आणि सोलायला घेतला.

“तुमचं काय?” आत्यांनी सहज विचारलं. “तुमच्या पंजीचं नाव काय?”

सुहासिनीताई आठवू लागल्या. माहेर कुंभार पिंपळगावचं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे घराण्याच्या पिढ्या लिहिलेल्या. वडील एकेक नाव बोटांवर म्हणून दाखवायचे. पणजोबा, खापरपणजोबा, त्याच्याही वरचे. त्यात बाई एकही नव्हती.

“माहीत नाही हो,” त्या म्हणाल्या.

आत्यांनी त्यांच्याकडे नवलाने पाहिलं आणि चहा ठेवायला सुनेला हाक मारली.

परतीच्या एसटीतूनच सुहासिनीताईंनी भावाला फोन केला. गजानन पिंपळगावलाच असतो.

“पणजीचं नाव?” तो दचकला. “कशाला पाहिजे? जमिनीची काही भानगड निघाली का?”

“काही नाही रे. मला जाणून घ्यायचंय.”

“तातेराव काकांना विचारतो,” तो म्हणाला, पण आवाजातला संशय गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सिस्टरपाशी बसून आत्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगत होत्या. ‘माझ्यापासून धरा’ ऐकल्यावर सिस्टरचे खांदे हलू लागले. रडताहेत की काय म्हणून सुहासिनीताई वाकल्या, तर बाई हसत होत्या. “डोकं हलवू नका सांगितलंय मला,” त्या कशाबशा म्हणाल्या. “अशी खमकी होती होय? आन् आम्ही जन्मभर बिचारी म्हणत बसलो.” मग खरंच डोळ्यात पाणी आलं. सुहासिनीताईंनी ते चांगल्या डोळ्याखालून रुमालाने टिपलं.

तेवढ्यात गजाननचा फोन आला.

“काकांना नाव आठवत नाही. त्यांच्या आईच्या तोंडी ते कधी आलंच नाही म्हणतात. तिला सगळे वाटूरकरीण म्हणायचे. माहेर वाटूरचं, म्हणून वाटूरकरीण. वाटूरकरणीनं विहिरीवर लिंब लावला, वाटूरकरीण फार कडक होती, असंच सगळं.”

सुहासिनीताईंनी फोन ठेवला. “वाटूरकरीण,” त्यांनी एकदा हळूच म्हणून पाहिलं. गंधालीचं बोलणं त्यांना आठवलं. गावाचंच माणूस केलेलं. तीन हजार वर्षांपूर्वी ते लिहिणाऱ्यालाही असंच कुणी सांगितलं असेल का? नाव नाही माहीत, मिसरकडचा होता एवढं खरं?

“वाटूर काही लांब न्हाई,” खालून सिस्टरचा आवाज आला.

“पण जाऊन विचारायचं काय? शंभर वर्षांपूर्वी तुमची कुठली मुलगी पिंपळगावला दिली होती?”

“हेच विचारायचं. माहेरची माणसं लेकीचं नाव लक्षात ठेवतात कधी कधी. डोळा बराबर झाला की मी पण येते. आता पुढं वाचा. तो यावान. त्याला पोरं किती होती?”

सुहासिनीताईंनी पान शोधलं आणि यावानाची मुलं एकेक करून, एकही न गाळता, वाचायला घेतली.