दगडाने निवडलेला जावई

एक्क्याण्णव साली खांदा कॉलनीत एक दगड चालू लागला आणि माणसांची डोकी चालायची थांबली.

कमलाकरांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर स्टीलचं ताट, ताटात तीर्थ, तीर्थात रुपयाएवढा, चक्राची नक्षी असलेला शाळिग्राम आणि ताट धरून बसलेले महाराज. ताटाच्या एका बाजूला सत्यजीतची पत्रिका, दुसऱ्या बाजूला महाराजांच्या भाच्याची. शाळिग्राम जिकडे जाईल तिकडे कमलाकरांनी मुलगी द्यायची. त्यांच्या रुचिराचं सत्यजीतशी जवळजवळ ठरलं होतं. ती कोपऱ्यात रडवेली होऊन बसली होती.

महाराज म्हणाले, "आपण कोण ठरवणार? आपण फक्त ताट धरायचं."

दगड थरथरला आणि बुडबुडे सोडत थेट भाच्याकडे सरकला. कमलाकर लगेच मुहूर्त विचारू लागले. त्यांना धरून गदागदा हलवावं असं मला वाटलं.

मग महाराजांनी सगळ्यांना तीर्थ वाटलं. शेजारच्या अरुंधतीबाई कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. त्यांनी तीर्थ घेतलं आणि तोंड वाकडं केलं. सगळे चपापले. आंबट सर्वांनाच लागलं होतं, पण तीर्थाला कुणी तोंड वाकडं करतं का? मीसुद्धा चेहरा सरळ ठेवून गिळलं होतं.

बाईंनी घरून डबा आणला. त्यात कच्छमध्ये वेचलेले, पातळ कापून घासलेले तसलेच दगड होते. बाईंकडे कामाला असलेल्या ठमाबाई हळहळल्या, "येवढे देव डब्यात, आन निवेद नाय?"

बाईंनी ताटात लिंबू पिळलं आणि ताटाखाली काडेपेटी कधी या बाजूला, कधी त्या बाजूला सरकवत एकेक दगड सोडला. एक कमलाकरांच्या चपलांकडे निघाला, एक महाराजांकडेच.

"ताटाखाली काडेपेटी सरकवली की जावई बदलतो," बाई म्हणाल्या. "महाराजांचा अंगठा काडेपेटीचंच काम करतो." दगड चुन्याचा. लिंबाने त्यातून वायू सुटतो, बुडबुडे दगडाला उचलतात आणि तो उताराकडे घसरतो. नक्षी म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री प्राण्याचं शिंपलं, आपल्या मासळीबाजारातल्या माकुलाचा लांबचा भाऊबंद.

कमलाकर गोंधळले. "मग आता ठरवायचं कुणी?"

"बाबा, तुम्ही दगडाला विचारलंत," रुचिरा म्हणाली. "मला अजून विचारलं नाहीत."

त्यांनी विचारलं. सत्यजीतशी लग्न झालं. महाराज दगड टाकून एसटी स्टँडकडे गेले ते गेलेच, आणि दगड बाईंच्या डब्यात गेला. ठमाबाई अजून त्या डब्याला साखर दाखवतात.

दाखवू द्या, साखरेने कुणाची मुलगी बुडत नाही. पण मंडळी, तीर्थ आंबट लागलं तर तोंड वाकडं करा, आणि का लागलं ते विचारा.