आज्ञाधारक पेटीची कैफियत

मित्रांनो, मी एका वीज उपकेंद्रातली जुनी कंट्रोल पेटी आहे. उंचीने तुमच्या वर्गातल्या कपाटाएवढी, रंगाने राखाडी आणि स्वभावाने गरीब. सांगितलेलं ऐकायचं, उलट बोलायचं नाही, हीच माझी ओळख. आज मात्र माझा जीव टांगणीला लागला आहे आणि मला तोंड नाही. म्हणून ही कैफियत तुमच्यापुढे मांडते.

माझा जन्म कारखान्यात झाला. कारागिरांनी माझ्या पोटात शेकडो तारा ओवल्या. निघताना एका बाईंनी माझ्या दाराच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवली. तिच्यावर माझा पासवर्ड छापला होता आणि खाली बारीक अक्षरात सूचना होती, 'पोचल्यावर बदलून घ्यावा.' बारीक अक्षर कोण वाचतं? कुणीच नाही वाचलं.

इथून गावाच्या सात भागांना सात लाइनी जातात. त्या बंद-चालू करणं हे माझं काम. माझ्या कपाळावर किल्लीचा एक स्विच आहे. तो 'लोकल'वर असला की मी फक्त समोरच्या माणसाचं ऐकते. 'रिमोट'वर असला की दूरच्या संगणकावरून आलेला हुकूम पाळते. पूर्वी कुणी लाइनवर चढणार असलं, की स्विच 'लोकल'वर फिरवायचे, किल्ली काढायचे आणि ती चढणाऱ्याच्याच खिशात द्यायचे. "आपला जीव आपल्या खिशात," असं लाइनमन मामा म्हणायचे. सगळं उपकेंद्र त्यांना मामाच म्हणतं.

पुढे सगळा कारभार स्मार्ट झाला. स्विच 'लोकल'वर गेला की मुख्य कचेरीच्या पडद्यावरून मी नाहीशी व्हायची आणि लगेच फोन खणखणायचा, "अहो, पेटी कुठे गेली तुमची?" त्या फोनला कंटाळून स्विच कायमचा 'रिमोट'वर ठेवला गेला. लाइनवर माणूस असला की संगणकाच्या पडद्यावर लाल पाटीचं चित्र लावायचं, झालं काम. किल्ली जागच्या जागी गंजून गेली.

त्यातच आमच्या उपकेंद्राला बक्षीस मिळालं. वर्षभरात वीज सगळ्यांत कमी वेळा गेली म्हणून! आमचे साहेब म्हणाले, "दार उघडा हिचं, आतले दिवे दिसू देत फोटोत." मी कोण फुलले होते म्हणून सांगू! तो फोटो कचेरीच्या वेबसाइटवर लागला. साहेबांच्या खांद्यामागे माझी पट्टी होती, अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. शिवाय कारखान्याच्या इंजिनिअरला दुरूनच माझी दुरुस्ती करता यावी म्हणून इंटरनेटची एक वाट दिलेली होती. काम झालं की ती बंद करायची असते. 'पुन्हा लागेलच की' म्हणून ती उघडीच राहिली.

गेल्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास कुणीतरी त्या वाटेने आत आलं. पासवर्ड बरोबर होता. मी मुकाट्याने दार उघडलं.

ड्यूटीवर मामांची मुलगी होती. घरी ती त्यांना बाबा म्हणते, पण वायरलेसवर इतरांसारखी मामाच म्हणते. मामा सहा नंबरच्या लाइनवर, खांबावर होते. लाइन बंद होती. तारेत चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरवणारी साखळी एका जागेवरून काढून ते दुसरीकडे लावत होते, त्यामुळे ती त्या घटकेला त्यांच्या खांद्यावर होती.

पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला. एक नंबर बंद. दोन बंद. मुलीने माउस हलवला, पण बाण तिचं ऐकेना. तिने मुख्य कचेरीला फोन लावला.

"साहेब, तुम्ही चालवताय का इथलं?"

"आम्ही कुठे? आम्हाला वाटलं तूच चालवतेयस!"

बाण सहा नंबरवर थांबला. लाल पाटी पुसली गेली. लाइन चालू करायला मला दोन हुकूम लागतात, आधी 'निवडा' आणि मग 'चालू'. पहिला हुकूम आला. मी सहा नंबर निवडला. मित्रांनो, वर मामा आहेत हे मला ठाऊक होतं! मला हात असते तर मी स्वतःच्याच तारा उपटल्या असत्या. पण मी पडले आज्ञाधारक.

"बाबा, तार सोडा! सोडा!" मुलगी वायरलेसवर किंचाळली आणि माझ्याकडे धावली. किल्ली फिरेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, नख उलटलं, रक्त आलं. कट्कन आवाज होऊन स्विच 'लोकल'वर गेला. त्याच क्षणी दुसरा हुकूम आला आणि माझ्या दाराशीच अडला.

मामांनी तार सोडली होती. ते कमरेच्या पट्ट्याला लोंबकळले, खांबावर आपटले, खांदा निखळला. पण जिवंत आहेत.

तुम्हाला वाटेल, आता सगळे शहाणे झाले असतील. मुलीला नोटीस आली आहे, 'परवानगीवाचून पेटी लोकलवर घेतल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा.' आज ती माझ्यासमोर स्टुलावर बसून खुलासा लिहीत होती. आमचे साहेब खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"दोन ओळींत माफी मागून टाक ना. विषय मिटेल."

"स्विच परत रिमोटवर कुणी केला, साहेब?"

"वरून आदेश आहे."

"पासवर्ड बदलला?"

"समिती बसलीय त्यावर."

"निदान तो फोटो तरी काढा."

"वेबसाइटचा विभाग वेगळा आहे, बाई!"

साहेब गेले. मित्रांनो, ती वाट अजून उघडी आहे. सकाळपासून दोनदा कुणीतरी डोकावून गेलं आणि दोन्ही वेळा मी दार उघडलं. चोर आणि धनी यांतला फरक मला कळत नाही, तो तुम्हीच मला शिकवायचा असतो. मोठे झालात आणि माझ्यासारखं एखादं यंत्र तुमच्या हाती आलं, तर एवढी दया करा. त्याचं कौतुक नंतर करा, आधी त्याचं कुलूप बदला.

मुलीने तीन कागद फाडले. चौथ्यावर माफी नव्हती. तिने लिहिलं, 'सोमवारी लाइनवर माझे वडील होते. आज चार नंबरवर दुसऱ्या कुणाचे तरी वडील आहेत.' खाली सही केली, उठली आणि दुखऱ्या बोटांनी तिने माझी किल्ली पुन्हा फिरवली.