थांबली नाही ती बाई

मी मांजर बोलतेय. कुणाचं दूध सांडलं की माझं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, म्हणून आज माझ्या तोंडूनही ऐका.

जन्म मुकुंदवाडी स्टेशनमागच्या सिमेंटच्या पाइपात. आईनं रीतीप्रमाणं पिल्लांना सात घरं दाखवली आणि सातव्या घरी मला विसरली. द्वारकाबाईंच्या ज्वारीच्या कोठीमागं. तेव्हापासून उंदीर मी धरते, दूध त्या घालतात. शेजारच्या वच्छलाबाईंची साय गेली, की मात्र द्वारकाबाईच म्हणतात, "आमची कुठली? येते अन् जाते." उंदीर धरणारी आपली, साय खाणारी लोकाची. माणसांचं असंच असतं.

मग नियम आला. मांजर पाळता तर नाव नोंदवा, लस टोचा, ऑपरेशन करा, पट्टा बांधा. जनावरांच्या दवाखान्याचा माणूस गल्लीत आला. "ही कुणाची?"

"माझी नाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"दूध तर तुम्हीच घालता," वच्छलाबाई म्हणाल्या.

"कावळ्याला बी घास टाकते मी. त्याला बी पट्टा बांधा."

"मग बेवारसच की. आमचे मालक सोडून येतील शेंद्र्याला. तिकडं कारखाने लई, उंदीर बी लई."

जणू मला नोकरीच लावत होत्या. वच्छलाबाईंचे मालक पोतं उघडून उभेच होते. शेंद्र्याला सोडलेली मांजर परत आलेली मी तरी पाहिली नाही.

पोतं जवळ आलं तशी मी सुटले. द्वारकाबाई दळणाचा डबा घेऊन निघाल्या होत्या, त्यांच्याच पुढून आडवी गेले. मांजर आडवी गेली! सगळी गल्ली जागच्या जागी थांबली. पोतंवाले थांबले, दवाखान्याचा माणूससुद्धा थांबला. द्वारकाबाई तेवढ्या चालत राहिल्या.

"अवो, थांबल्या नाय तुम्ही?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"घरच्या मांजरीला कोण थांबतं?" द्वारकाबाई बोलून गेल्या. मग सगळ्यांकडं बघितलं आणि डबा खाली ठेवला. "लिवा माझं नाव. अन् भाऊ, त्या पोत्यात गहू भरा आता."

"अन् माझी साय?"

"मांजर मी सांभाळीन. साय तुम्ही झाका."

सुई टोचली, ऑपरेशन झालं. पट्ट्याला घुंगरू होतं, ते द्वारकाबाईंनी तोडलं. "कामाला जाते ती, नाचाया नाय."

माझं मागणं एवढंच. दूध घालता तर कुणी विचारल्यावर नावही सांगा. ते जमत नसेल तर वाटी उचला.

मी आडवी गेले की गल्ली अजून थांबते. एक बाई थांबत नाही. तेवढी पुरते.