एकतीस चीजवाले, एक परवलीचा शब्द

"फिरवा किल्ली," वित्स्के फोनवर म्हणाली.

चाळीस किलोमीटरवरच्या चीजच्या कारखान्यात गेर्बेननं, बाहेरच्यांना यंत्रात येऊ द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या नव्या डब्याची किल्ली फिरवली. लेउवार्डनमधल्या ऑफिसात वित्स्केच्या पडद्यावरचा ठिपका हिरवा झाला आणि ती खुर्चीतून अर्धी उठलीच. व्हीपीएन लागलं होतं. इंटरनेटच्या उघड्या रस्त्याखालून झाकलेलं भुयार, थेट गेर्बेनच्या दुधाच्या टाकीपर्यंत.

"तुमच्याकडे किती?"

"बत्तीस अंश."

"इथंही बत्तीस."

"हसतेस कशाला एवढी? दूधच आहे ते."

हसू नको तर काय करू? सहा महिने ती यासाठी भांडली होती. चीजवाल्यांची यंत्रं दुरून सांभाळणाऱ्या तिच्या कंपनीची एकतीस गिऱ्हाईकं आणि सगळ्यांच्या यंत्रात शिरायला परवलीचा शब्द एकच. याला सेवा म्हणायचं की धर्मशाळा? जानेवारीत कुणीतरी त्याच वाटेनं आत येऊन गेर्बेनची टाकी तापवली आणि दोन हजार लिटर दूध डुकरांपुढे गेलं. गेर्बेननं बजावलं होतं: आज दार नीट बसलं तर ठीक, नाहीतर मी दुसरी कंपनी बघतो.

कंपनीचा मालक ओबे कॉफी घेऊन मागे येऊन उभा राहिला. "जमलं की," तो हळूच म्हणाला. "त्या जुन्या शब्दाची वाट मात्र ठेवलीय मी. अडीनडीला लागते."

वित्स्के गर्रकन मागे वळली.

"किल्ली बंद केली," फोनमधून गेर्बेन म्हणाला. "आता ये बघू आत. सगळ्या वाटांनी."

भुयार बंद होतं. तिच्या बोटांना आनंदानं मुंग्या आल्या. मग तिनं जुना शब्द टाइप केला.

बत्तीस अंश. समोर टाकी.

ओबेनं ओठांवर बोट ठेवलं.

"काय झालं, पोरी?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. वित्स्केनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शिरले मी, गेर्बेन. जुन्या वाटेनं. ती आम्ही बंदच केली नव्हती."



"ठाऊक आहे," गेर्बेन म्हणाला. "आत कोण शिरलं ते डब्यावर दिसतं, तुमच्या कंपनीचं नाव आलंय. तू काय सांगतेस, तेच ऐकत होतो."

ओबेचा हात खाली आला.

वित्स्केनं मग त्याला विचारलंसुद्धा नाही. आत होती तिथूनच तिनं जुन्या शब्दाचं खातं पुसलं, वाट बुजवली, आणि त्याच क्षणी स्वतःच बाहेर फेकली गेली. पडदा कोरा. पुन्हा शब्द टाकला. नकार. आणखी एकदा, निव्वळ मजेखातर. नकार.

"नाही येता येत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज शाळा सुटल्यासारखा झाला होता.

"मग मी जातो कॉफीला."

तिनं फोन ठेवला आणि उरलेल्या तीस गिऱ्हाइकांची यादी उघडली.

"त्यांना काय सांगणार आहेस?" ओबेनं विचारलं.

तिनं पहिला नंबर लावला होता. पलीकडे घंटा वाजत होती.

"तूच सांग," म्हणत तिनं फोन त्याच्या हातात दिला.