हळदीची टेप

मोहनाच्या पत्राला जयवंतरावांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. "मामा, आईचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. माझ्या हळदीच्या टेपमध्ये ती ओव्या म्हणते. तेवढं सीडीवर घालून पाठवाल?" टोरांटोहून आलेलं पत्र २००४चं. त्यांची धाकटी बहीण कौशल्या जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.

टेप त्यांनी लावून पाहिली होती. कौशल्याचे ओठ हलत होते, आवाज मात्र विहिरीच्या तळातून यावा तसा. चित्रण त्यांचंच; बायकांत कसं शिरायचं म्हणून दाराशी उभं राहून केलेलं. आपल्या बुजरेपणापायी तिचा आवाज गेला, हे भाचीला कोणत्या तोंडानं लिहायचं?

शेवटी भीत भीत ते निजामपुऱ्यात, टेपांच्या सीड्या करून देणाऱ्या ऋचाबेनच्या दुकानात गेले. ऋचाबेननी आवाज वाढवला, तशी खरखरही वाढली.

"काका, ही तर कॉपी छे! ओरिजिनल कुठंय?"

"कपाटात. ती कशी वापरायची? झिजेल ना."

"लायब्ररीत होतात काय?"

"बत्तीस वर्षं." ते ओशाळले. दुर्मीळ पुस्तक कपाटात, वाचकाला त्याची नक्कल, हीच त्यांची शिस्त.

"तरीच! अहो, कॉपी करणाऱ्यानंच आवाज कमी भरलाय. आता वाढवला की खरखरच वाढणार. मूळ आणा, चालो!"

दुसऱ्या दिवशी खाकी कागदात गुंडाळलेली मूळ टेप त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली. ऋचाबेननी प्लेअरचं हेड पुसलं, आणि टेप कॉम्प्युटरवर उतरवतानाच आवाजाची पट्टी लाल खुणेच्या जरा खाली येईल इतकी चढवली.

ओवी आली. जराशी घोगरी, मधला श्वाससुद्धा ऐकू येणारी. मग कौशल्या थांबली.

"दादा, दरवानासारखा काय उभा तिथं? ये ना जवळ!"

बायका हसल्या. पाठोपाठ अगदी कानाशी जयवंतरावांचा स्वतःचा आवाज आला, "असू दे गं, इथनं दिसतंय."

त्यांनी चष्मा काढला.

"तुमचं बोलणं कापू, काका?"

"नको. राहू दे."

घरी तीन कागद फाडून झाल्यावर चौथ्यावर त्यांनी लिहिलं, "चि. मोहना, आईचा आवाज पाठवतो आहे. उशीर सर्वस्वी माझा. ती मला जवळ बोलावते आणि मी जात नाही, तेही त्यात आहे. ते तुझ्यापासून लपवावंसं वाटलं नाही."

दुपारी रावपुऱ्याच्या पोस्टात त्यांनी सीडी आणि पत्राचं पाकीट खिडकीतून आत सरकवलं.